खिडकीखालचं इंजिन

बनशंकरीला मेट्रोत बसायला जागा मिळते, हे माझ्या आयुष्यातल्या मोजक्या सुखांपैकी एक. चिकपेट येईस्तोवर डबा गच्च भरतो आणि त्या गर्दीतून वाट काढत संयोगिता माझ्यासमोर येऊन उभी राहते. मॅजेस्टिकला आम्ही दोघी गाडी बदलतो आणि इंदिरानगरला उतरून ऑफिस गाठतो. दिवसभरात जेवढं मराठी बोलायचं तेवढं त्या प्रवासात उरकून घेतो. ऑफिसात दुसऱ्या कुणाला मराठी कळत नाही, त्यामुळे तिथं आम्ही ते फक्त चुगल्यांसाठी वापरतो.

मी अनुसूया, मूळची निपाणीची. लग्न होऊन इथं आले त्याला इतकी वर्षं झाली, की आता माहेरी गेले तर स्टँडवरचे रिक्षावाले मला पाहुणी समजून जास्त भाडं सांगतात. आमची संस्था गाड्यांच्या धुराचा अभ्यास करते. शहरात कुठली गाडी किती धूर सोडते, तो कमी कसा करायचा, डिझेलच्या जागी बॅटरी कुठं चालेल आणि कुठं नाही, हे शोधायचं. या सगळ्याला डीकार्बनायझेशन असं नाव आहे. तो शब्द मला पहिल्या वर्षी एका दमात म्हणता येत नव्हता. तिथं मी ऑफिस सांभाळते. यंत्रं मागवते, बिलं चुकती करते आणि रजेचे अर्ज वेळेवर द्या म्हणून शास्त्रज्ञांवर ओरडते. ओरडायचं काम मला मनापासून आवडतं.

संयोगिता मात्र इथलीच. म्हणजे किती इथली, तर तिचे पूर्वज राजांच्या फौजेबरोबर बंगळुरात आले आणि परत जायचं विसरले. ही चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट तिचे वडील प्रतापराव अशी सांगतात, जणू गेल्या आठवड्यात घोडी बांधून जरा टेकलेत. घरी मराठी बोलतात, पण त्यात 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' हे कानडी शब्द इतके मुरलेत, की ते मराठी नाहीत हे तिला शाळेत गेल्यावर कळलं.

या मुलीची एक खोड आहे. रस्त्यानं जाताना आपण माणसांचे चेहरे बघतो, ही गाड्यांचे सायलेन्सर बघते. रिक्षात बसली की पहिला प्रश्न, "अण्णा, इंजिन ऑइल कधी बदललं?" रिक्षावाला आधी चक्रावतो, मग चिडतो. मी शेजारी असले की दुसरीकडं तोंड फिरवून बसते. एकदा सिग्नलला एका लॉरीनं काळा लोट सोडला, सगळे नाक दाबून पळाले आणि ही बया खिशातलं धूर मोजायचं मीटर काढून लोटात शिरली. मी तिला दंडाला धरून ओढून आणली. "तुझं लग्न व्हायचंय अजून, तोंड काळं करून काय येतेस?" म्हटलं, तर हसत सुटली.

हसायची खरी, पण या वेडाच्या मुळाशी तिच्या आईचा खोकला होता. सकवारबाईंना तो कैक वर्षांपासून आहे. संयोगिता शाळेत असताना त्यांना घेऊन डॉक्टरांकडं गेली होती. धुरापासून लांब राहायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. "कुठल्या धुरापासून?" हिनं विचारलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "अगं, गावाचा धूर. चिकपेटात राहता ना?" ते उत्तर तिला काही पटलं नाही. आईच्या छातीत जाणारा धूर नेमका कुणाचा, हे तिला शोधून काढायचं होतं. त्यापायी ती इंजिनियर झाली, चांगल्या चांगल्या कंपन्या सोडून आमच्या संस्थेत आली, आणि गेली चार-पाच वर्षं अख्ख्या शहराचा धूर हुंगत फिरत होती.

प्रतापराव टेम्पो चालवतात. कापडाचे गठ्ठे चिकपेटच्या गोदामातून दुकानांत पोचवायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यांच्या घराच्या खालीच एका घाऊक व्यापाऱ्याचं गोदाम आहे, वर हे तिघं राहतात. तिथल्या स्टँडवरचे सगळे टेम्पोवाले त्यांना अण्णा म्हणतात आणि कुठल्याही बाबतीत आधी त्यांच्या तोंडाकडं बघतात. अण्णांनी मान डोलावली की झालं.

मागच्या वर्षी संस्थेनं मालवाहू टेम्पोंचा अभ्यास काढला. शहरातल्या वेगवेगळ्या बाजारांतल्या टेम्पोंमध्ये एकेक छोटी डबी बसवायची. गाडी कुठं गेली, कुठं थांबली, इंजिन केव्हा चालू होतं आणि केव्हा बंद, हे ती डबी टिपून ठेवते. शिवाय, ज्यांना हवा त्यांना बॅटरीवरचा टेम्पो महिनाभर वापरायला द्यायचा. चिकपेट अर्थातच संयोगितानं मागून घेतलं. मोठ्या उमेदीनं ती बॅटरीचा टेम्पो घेऊन स्टँडवर गेली. प्रतापरावांनी त्याला प्रदक्षिणा घातली, आत बसले, किल्ली फिरवली, थोडा वेळ कान देऊन बसले आणि उतरले.

"गाडी चांगली आहे, बाळा," ते म्हणाले. "पण हिला आवाजच नाही. सुरू झाली का नाही, कळायचं कसं? मला नको. बेडा."

अण्णांना नको म्हटल्यावर कुणालाच नको झाली. "डबी बसव हवी तर," त्यांनी लेकीची समजूत घातली, "डबीला काय, स्वल्प जागा लागते." तो बॅटरीचा टेम्पो तसाच परत आला आणि आमच्या ऑफिसच्या आवारात धूळ खात उभा राहिला. रोज येता-जाता तो दिसायचा आणि रोज मला प्रतापरावांचा राग यायचा.

काही आठवड्यांनी डब्यांमधली माहिती आली आणि घोळ समोर आला. आमचे प्रमुख उपेंद्र सर भला माणूस. स्वतःची कॉफी स्वतः करतात, वर कपही धुतात. त्यांनी मीटिंगमध्ये पडद्यावर आलेख लावला. बाकी बाजारांतले टेम्पो सरळ वागत होते. चिकपेटचे मात्र दिवसातून एकदा इंजिन चालू ठेवून बराच वेळ एका जागी उभे राहत. तेही रोज वेगळ्या वेळी. सोमवारी भल्या सकाळी, मंगळवारी तिसऱ्या प्रहरी, बुधवारी टळटळीत दुपारी. जळलेल्या डिझेलचा केवढा तरी वाटा या उभं राहण्यातच गेला होता.

"डब्यांची घड्याळं बिघडलेली दिसतात," सर म्हणाले. "चिकपेटची माहिती अहवालातून वगळू या."

संयोगितानं चार दिवस मागून घेतले. सगळ्या डब्या काढून तपासल्या. घड्याळं ठणठणीत होती. चार दिवसांनी पुन्हा तीच मीटिंग, तोच आलेख. मी मागे बसून चहाचे पेले मोजत होते. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांना त्या दिवशी दुपारी दिल्लीला जायचं होतं आणि फोनवर त्यांच्या आई होत्या. सर कन्नडमधून दबक्या आवाजात समजूत काढू लागले, "हो अम्मा, बॅग सकाळीच बाहेर काढून वॉचमनकडं ठेवली. हो, राहुकालाच्या आधीच. म्हणजे निघाल्यातच जमा ना मी!"

संयोगिता पडद्याकडं बघतच राहिली.

"सर," तिनं फोन संपायची वाटही बघितली नाही, "आज राहुकाल किती वाजता?"

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम उत्तर दिलं, "मंगळवार, तीन वाजता!" मग सगळ्यांनी मिळून पडद्याकडं बघितलं, आणि हसू आधी कुणाला फुटलं ते मला आठवत नाही. दिवसातला तो दीड तास वारागणिक जागा बदलतो. त्या वेळात नवं काम काढायचं नाही की प्रवासाला निघायचं नाही, हे बंगळुरात शेंबडं पोरही जाणतं. आमच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहापर्यंत सगळं तपासलं आणि घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं राहिलं. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसा आम्ही सगळेच राहुकाल ऑफिसबाहेर काढून आत येतो. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. ओशाळले, पण खूशही झाले.

"पण मग हे लोक इंजिन बंद करून राहुकाल टळायची वाट का बघत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"माल भरून झालेला नसतो, सर," संयोगिता सावकाश म्हणाली. "म्हणून राहुकाल लागायच्या आधीच गाडी सुरू करतात, एक चाक पुढं घेतात. म्हणजे निघाले. मग इंजिन बंद करायचं नाही. बंद केलं तर निघालेला प्रवास मोडला."

"वा! तुमच्या बॅगसारखंच की सर," मी मागून म्हटलं.

"हे सुरू कुणी केलं असेल?" सर हसत म्हणाले.

तिनं पडद्यावरचा आलेख बंद केला. संध्याकाळी मॅजेस्टिकला गाडी बदलल्यावर ती दांडीला धरून म्हणाली, "अक्का, ते माझ्या अप्पांनी सुरू केलंय. स्टँडवरचे बाकीचे त्यांचं बघून करतात. अन् अप्पांची गाडी उभी असते कुठं, तर आईच्या खिडकीखाली. मी जन्मल्यापासून तो आवाज ऐकतेय. इंजिन गरम करत असतील म्हणायची. अख्ख्या गावात शोधला मी तो धूर."

चिकपेट आलं, ती उतरली. एवढी हुशार, एवढी हसरी पोर, आणि तिच्या हाती काय लागलं तर स्वतःचा बाप.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. भाचीच्या लग्नाची एक रेशमी साडी मी सकवारबाईंकडं कुच्चूंसाठी टाकली होती. पदराला रेशमाचे गोंडे बांधायचं हे काम त्या फार सुबक करतात. साडी आणायची म्हणून आम्ही दोघींनी अर्धी रजा टाकली आणि भर दुपारी तिच्या घरी गेलो. खाली गोदामाच्या दाराशी टेम्पो घरघरत उभा होता, हमाल गठ्ठे टाकत होते. वर खिडकीपाशी, जिथं चांगला उजेड येतो तिथं, सकवारबाई चौरंगावर बसून गोंडे बांधत होत्या. रेशमाचे दोरे पायाच्या अंगठ्याला ताणलेले. खालच्या इंजिनानं फळीवरची पितळेची भांडी बारीक किणकिणत होती.

संयोगितानं पर्समधून मीटर काढलं आणि काही न बोलता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. त्याच्यावर एक दिवा आहे, हवा चांगली असली की हिरवा, बरी असली की पिवळा, वाईट झाली की लाल. तो बघता बघता लाल झाला.

सकवारबाईंनी त्याच्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा गाठ मारायला घेतली. "यंत्र कशाला आणलंस? मला विचारायचं. पदरानं नाक पुसलं की पदर काळा होतो."

"तुला ठाऊक होतं?" संयोगिता मटकन खालीच बसली. "मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? त्यांना?" त्यांना खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत आम्ही थांबलो. "तुझ्या आधी एक बाळ होतं, तुला ठाऊक आहे. माझं पोट दुखायला लागलं तसे हे घाबरून भर राहुकालात मला दवाखान्यात घेऊन गेले. बाळ राहिलं नाही. कशानंच राहिलं नसतं म्हणाले डॉक्टर. पण तुझ्या आजीनं यांना फार बोल लावला. घराबाहेर जाऊन बसायचे, जेवायचे नाहीत. मग तुझ्या वेळेस परत तसंच झालं. कळा सुरू झाल्या आणि राहुकाल लागायला आला. हे तीरासारखे खाली पळाले. गाडी सुरू केली, एक चाक पुढं घेतली, अन् तशीच चालू ठेवून बसले. मला उठवत नव्हतं, बायका साडी बदलत होत्या, आजी देवाचं म्हणत होती. मला खालचा आवाज तेवढा येत होता. म्हटलं, ते आहेत खाली. गाडी माझ्यासाठी उभी आहे. मला घेतल्याशिवाय जाणार नाही."

त्यांनी दोरा दातानं तोडला.

"तू झालीस, धडधाकट झालीस. तेव्हापासून ते कधी चुकले नाहीत. तो आवाज आला की मला रोज तसंच वाटतं गं. खोकला काय, येतो आणि जातो. त्यांना सांगू नकोस. आपल्या हातानं काय झालं हे कळलं, तर तो माणूस मोडेल."

संयोगिता आईच्या गुडघ्यावर हात ठेवून नुसती बसली होती. आईनं श्वास घ्यायचा, की बापानं ताठ मानेनं जगायचं, यातलं एक तिला निवडायचं होतं. इतक्यात जिन्यावर पावलं वाजली आणि प्रतापराव वर आले. इंजिन खाली तसंच चालू होतं.

"संयूची आई, पाणी," ते दारातूनच म्हणाले. त्यांनी बायकोला कधी नावानं हाक मारलेली त्या गल्लीत कुणी ऐकलेली नाही. त्यांच्या घराण्यात तशी रीतच नाही. मला बघून ते हसले, "कधी आलात अक्का?" आणि मग त्यांचं लक्ष कट्ट्यावर गेलं.

"हे काय? लाल कशाला पेटलंय?"

सकवारबाईंनी मुलीकडं बघून 'नको' म्हणून मान हलवली. संयोगितानं एकदा आईकडं बघितलं, एकदा त्या लाल दिव्याकडं.

"हवा वाईट असली की लाल होतं, अप्पा."

"कुठली हवा?"

"ही. आईची."

तिनं एवढंच म्हटलं. प्रतापराव खिडकीशी गेले. खाली वाकून त्यांनी आपल्या टेम्पोच्या सायलेन्सरकडं बघितलं. मग वळून चौरंगाकडं, बायकोच्या पदराकडं, परत खाली. पाणी न पिताच ते जिना उतरून गेले. क्षणभरानं घरघर थांबली. फळीवरची भांडीही थांबली. मीटरवरचा लाल दिवा हळूहळू पिवळा झाला, पण त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"बंद केली," सकवारबाई म्हणाल्या. हातातला दोरा गळून पडला होता. "राहुकालात बंद केली त्यांनी."

त्या दिवशीचा माल गेलाच नाही. पुढं प्रतापराव गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करू लागले. गठ्ठे तिथवर डोक्यावरून न्यावे लागत, हमाल कुरकुरत. राहुकालात ते कुठंही निघत नसत, नुसते फुटपाथवर बसून राहत. घरी आले तर जेवत आणि भिंतीकडं तोंड करून पडत. सकवारबाईंचा खोकला जरा कमी झाला, पण गोंड्यांच्या गाठी चुकू लागल्या. बांधत, सोडत, पुन्हा बांधत. माझ्या साडीचा पदर त्यांनी दोनदा उसवला.

"घर मुकं झालंय, अक्का," संयोगिता मेट्रोत म्हणाली. "आई म्हणते, चांगलं केलंस. तोंडानं म्हणते. मी सांगायलाच नको होतं."

मला राग आला. खरं तर रडू येत होतं, पण माझं रडू रागाच्याच दारानं बाहेर पडतं. "नको होतं काय? तुझी आई मरेस्तोवर तो आवाज ऐकत बसली असती. आता डोळे पूस. तो बॅटरीचा टेम्पो आवारात कुणाची वाट बघत उभा आहे? किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही कर आणि घेऊन जा."

उपेंद्र सरांनी लगेच परवानगी दिली. रविवारी चिकपेट बंद असतं, गल्लीत शांतता होती. संयोगितानं टेम्पो खिडकीखाली आणून उभा केला आणि वडिलांना बोलावलं. मीही गेले होते. असल्या वेळी घरी बसवेल तर ती मी कसली?

प्रतापराव चालकाच्या जागी बसले. संयोगिता शेजारी. "अप्पा, किल्ली फिरवा. हा हिरवा दिवा लागला ना, म्हणजे गाडी सुरू झाली. पाय दाबला की जाईल. राहुकालाच्या आधी सुरू करा, एक चाक पुढं घ्या, हवी तेवढी उभी ठेवा. काही जळत नाही. धूर नाही. प्रवास मोडायला नको."

ते हिरव्या दिव्याकडं बराच वेळ बघत बसले. राहुकाल मानू नका, असं ती त्यांना म्हणाली नाही. माझ्या मते तिच्या सगळ्या शिक्षणात हेच सगळ्यात मोठं शहाणपण होतं.

"सरी," ते शेवटी म्हणाले. "सुरू झाली, हे मला कळलं, बाळा." त्यांनी मान वर करून खिडकीकडं बोट दाखवलं. "तिला कसं कळणार?"

माझ्यानं राहवेना. "हॉर्न वाजवा की!"

प्रतापरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात शिट्टी वाजवली होती. "हॉर्न रस्त्यावरच्या लोकांना वाजवतात, अक्का."

ते उतरले आणि टेम्पोच्या पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. "ठेव इथंच," म्हणाले. "बघू उद्या."

सोमवारी राहुकाल सकाळीच असतो. मी नेहमीपेक्षा बरीच लवकर निघाले आणि चिकपेटलाच उतरले. ऑफिसला उशीर झाला तर मला ओरडणारं तिथं कुणी नाही. गल्लीत फुलवाल्या बसल्या होत्या, शटर उघडत होती, हमाल गठ्ठे आणत होते. स्टँडवरचे टेम्पोवाले आपापली कामं सोडून घोळक्यानं उभे होते, अण्णा काय करतात बघायला. संयोगिता गोदामाच्या पायरीवर उभी होती, तिच्या हातात मीटरसुद्धा नव्हतं. वर खिडकीत सकवारबाई साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हात मात्र चालत नव्हते.

प्रतापरावांनी चाकाखाली लिंबू ठेवलं, हात जोडले, आत बसले आणि किल्ली फिरवली. हिरवा दिवा लागला असणार. टेम्पो एक चाक पुढं सरकला आणि थांबला. आवाज काही नाही. घोळक्यातला एक जण म्हणाला, "झाली का सुरू?" दुसरा म्हणाला, "काय कळतंय?" वर सकवारबाईंनी जरा पुढं वाकून खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. मला तिकडं बघवलं नाही.

प्रतापराव खाली उतरले. घोळक्याकडं त्यांनी पाठ केली, मान वर केली. तोंड उघडलं, मिटलं. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

"सकवार!" त्यांनी हाक मारली.

फुलवालीच्या हातातला गजरा तसाच राहिला. एका हमालानं डोक्यावरचा गठ्ठा धरून वर बघितलं. संयोगितानं दोन्ही हात तोंडावर दाबले.

"सकवार, सुरू झाली गं गाडी!"

सकवारबाईंनी झटकन पदर तोंडावर घेतला. क्षणभर नुसता पदरच दिसत होता. मग तो खाली आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाईला लाजताना बघितलं. अख्ख्या चिकपेटला ऐकू गेली होती ती हाक. त्यांनी मात्र कानामागं हात धरला, खिडकीतून पार वाकल्या आणि म्हणाल्या,

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

प्रतापरावांनी एकदा आमच्या सगळ्यांकडं बघितलं, घसा साफ केला, आणि पहिल्यापेक्षा मोठ्यानं तिला पुन्हा हाक मारली.